न संपणारे रण

युद्धाच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. परंतु कोणतीही युद्धकथा घ्या, तिला शेवट असतो. कुरुक्षेत्रावरचे रण अठराव्या दिवशी थांबले. रावण पडला आणि लंकेतले युद्ध संपले. ग्रीकांनी ट्रॉय नगर जाळले आणि दहा वर्षांचा वेढा उठला. जय कोणाचा झाला व त्याचे मोल किती पडले, हा हिशेब मागाहून होतो. पण शस्त्रे एकदाची खाली ठेवली जातात. उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या, म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आणि आइसलंड येथील प्राचीन लोकांच्या दंतकथांत मात्र एक लढाई अशी आहे की तिला शेवटच नाही. योद्धे दिवसभर लढतात आणि मरतात. रात्री कोणीतरी त्यांना उठविते. पहाटे तेच योद्धे त्याच शस्त्रांनी पुन्हा लढू लागतात. जगाचा अंत होईपर्यंत हे असेच चालावयाचे आहे.

या लढाईला ‘ह्याद्निंगाविग’ असे नाव आहे. हेदिन राजाची माणसे ती ह्याद्निंग, आणि त्यांचे रण ते ह्याद्निंगाविग. नवव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या भाषांत ही कथा सांगितली गेली, आणि प्रत्येक सांगणाऱ्याने तिच्यात काही फेरफार केले. ते फेरफार केवळ मनोरंजनासाठी केलेले नाहीत. हे युद्ध का संपत नाही, आणि संपवायचेच झाले तर ते कोणी व कसे संपवावे, या प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरे आहेत. त्या उत्तरांचा विचार आपल्याला येथे करावयाचा आहे.

मूळ कथा

कथेचे सर्वांत प्रसिद्ध रूप आपल्याला स्नोर्री स्टुर्लुसन याच्या ‘एद्दा’ या ग्रंथात मिळते. स्नोर्री (११७९–१२४१) हा आइसलंडमधील मोठा पंडित, कवी आणि राजकारणी. इ. स. १२२० च्या सुमारास त्याने हा ग्रंथ रचला, तो मुख्यतः होतकरू कवींसाठी. जुने नॉर्स कवी पुष्कळदा एखादी गोष्ट सरळ नावाने न सांगता संकेताने सांगत. लढाईला ते ‘ह्याद्निंगांचे वादळ’ म्हणत, शस्त्राला ‘ह्याद्निंगांचा अग्नी’ म्हणत. हे संकेत कोठून आले हे नव्या कवीला कळावे, म्हणून स्नोर्री ही कथा सांगतो.

हॉग्नी नावाचा एक राजा होता. त्याला हिल्ड नावाची मुलगी होती. हॉग्नी राजांच्या सभेला गेला असता हेदिन नावाच्या दुसऱ्या राजाने त्याच्या राज्यावर छापा घातला आणि हिल्डला पळवून नेले. हॉग्नी जहाजे घेऊन पाठलागावर निघाला. नॉर्वेच्या किनाऱ्याने तो उत्तरेकडे गेला. तेथे त्याला कळले की हेदिन समुद्र ओलांडून पश्चिमेकडे गेला आहे. शेवटी स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील हॉय बेटावर दोघांची गाठ पडली. त्या बेटाच्या जुन्या नावाचा अर्थच ‘उंच बेट’ असा आहे, आणि ऑर्कनीतील सर्वांत उंच टेकडी आजही तेथेच दाखविता येते.

दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. आता हिल्ड बापाकडे गेली. हेदिनच्या वतीने समेटासाठी तिने एक कंठा पुढे केला. इथवर सगळे ठीक होते. पण त्याच दमात तिने असेही सांगितले की हेदिन लढायला सज्ज आहे, त्याच्याकडून दयामायेची अपेक्षा ठेवू नका. हॉग्नीने ताठपणे नकार दिला. हिल्ड परत आली आणि हेदिनला म्हणाली की बाबांना समेट नको आहे, लढाईची तयारी करा. आपल्याकडे शिष्टाई म्हटली की कौरवांच्या सभेत उभे असलेले श्रीकृष्ण डोळ्यांसमोर येतात. येथेही शिष्टाई आहे. पण शिष्टाई करणारीच्या एका हातात कंठा आहे आणि जिभेवर युद्ध आहे.

तरीही लढाई सुरू होण्यापूर्वी हेदिनने सासऱ्याला स्वतः हाक मारली आणि समेटासाठी पुष्कळ सोने देऊ केले. हॉग्नीचे उत्तर या कथेचे मर्म आहे. तो म्हणाला की तुला समेट हवा होता तर हे बोलणे फार उशिरा निघाले. मी आता दाइन्सलेफ तलवार उपसली आहे. ही तलवार खुज्या कारागिरांनी घडविलेली होती. ती म्यानाबाहेर आली की एका माणसाचा जीव घेतल्याखेरीज परत जात नसे. तिचा वार कधी चुकत नसे, आणि तिची जखम कधी भरत नसे. हेदिनने उलट टोला दिला की तू तलवारीचा गर्व सांगतोस, विजयाचा नव्हे. मग रण माजले.

संध्याकाळी दोघे राजे आपापल्या जहाजांवर गेले. रात्री हिल्ड रणभूमीवर आली आणि मंत्रबळाने तिने सर्व मेलेल्यांना उठविले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई झाली. आदल्या दिवशी पडलेले सगळे तिच्यात होते. तेव्हापासून रोज हाच क्रम चालू आहे. रात्री पडलेली माणसे, त्यांच्या ढाली, त्यांची शस्त्रे यांचे दगड होतात. पहाट झाली की दगडांची पुन्हा माणसे होतात. राग्नारोक, म्हणजे नॉर्स लोकांच्या कल्पनेप्रमाणे देवांचा व जगाचा अंत, होईपर्यंत ते असेच राहणार.

कंठा आणि तलवार

या कथेत दोन वस्तू आहेत: हिल्डचा कंठा आणि हॉग्नीची तलवार. त्या नीट समजल्या तर कथा समजली.

नॉर्स समाजात खुनाला खून हा न्याय होता, पण त्याला पर्यायही होता. मारेकऱ्याच्या कुळाने मृताच्या कुळाला ठरावीक भरपाई दिली की वैर मिटत असे. आइसलंडच्या जुन्या कायद्यात, ‘ग्रागास’ नावाच्या संग्रहात, या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे नाव ‘बाउगताल’, म्हणजे कड्यांची मोजणी. कोणत्या नात्याच्या माणसाने किती मोठे कडे द्यावे आणि कोणी घ्यावे, याचा त्यात तपशील आहे. मौल्यवान धातूचे कडे किंवा दागिना हा त्या लोकांना नुसता अलंकार नव्हता. वैर विकत घेऊन संपविण्याचे ते नाणे होते. हिल्ड बापापुढे कंठा धरते तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत असे की येथे तडजोडीची रीतसर बोलणी चालू आहेत.

आता तलवार. दाइन्सलेफ या नावाचा अर्थ ‘दाइनने मागे ठेवलेला वारसा’ असा होतो. दाइन हे त्या खुज्या कारागिराचे नाव. पण त्या शब्दाचा अर्थच ‘मेलेला’ असा आहे. म्हणजे हॉग्नीने उपसलेली तलवार ही मेलेल्याचा वारसा आहे. कुळाकुळांच्या वैराचे याहून नेमके वर्णन आम्हांला सुचत नाही. आजा मेला तो बापाला सूड ठेवून गेला. बाप मेला तो मुलाला ठेवून गेला. जमीनजुमला वाटून घेता येतो, हा वारसा वाटून घेतला तरी कमी होत नाही. एकदा तो हातात घेतला की एक जीव गेल्याखेरीज खाली ठेवता येत नाही, आणि तो जीव गेला की दुसऱ्या घरी तसाच वारसा तयार होतो.

कथा असे सांगते की कंठा पुढे आला, सोनेही पुढे आले, पण तलवार आधीच बाहेर आली होती. दोन्ही राजे दुष्ट नाहीत. हेदिन पैसे द्यायला तयार आहे. हॉग्नीही हातात तलवार नसती तर कदाचित घ्यायला तयार झाला असता. फक्त वेळ टळून गेली होती.

वीरांचा स्वर्ग आणि वीरांचा नरक

रोज मरून पुन्हा उठणारे योद्धे नॉर्स पुराणांत आणखी एके ठिकाणी आहेत. ओडिन देवाच्या वल्हाला नावाच्या दिवाणखान्यात निवडक वीर मरणोत्तर राहतात. तेही रोज सकाळी अंगणात उतरून एकमेकांना कापून काढतात. मग ह्याद्निंगांच्या रणात वेगळे ते काय?

वेगळी आहे ती संध्याकाळ. वल्हालातले वीर दिवस संपला की मिटवामिटव करून घरी येतात, एका पंगतीला बसतात, मांस खातात आणि मद्य पितात. त्यांची लढाई हा सराव आहे. ह्याद्निंगांच्या रणात पंगत नाही, संध्याकाळचा समेट नाही. रात्र झाली की माणसांचे दगड होतात. तेच मरण आणि तेच उठणे. पण एके ठिकाणी त्याला स्वर्ग म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी ती शिक्षा होते. दिवस कसा मावळतो एवढ्यावरच सारे अवलंबून आहे.

स्नोर्रीला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आइसलंडमध्ये राजा नव्हता. इ. स. ९३० च्या सुमारास स्थापन झालेली ‘आल्थिंग’ ही लोकसभा कायदे करी आणि निवाडे देई. निवाडा अमलात आणणारी सत्ता मात्र तिच्यापाशी नव्हती. स्नोर्री या सभेचा कायदेप्रवक्ता दोनदा झाला. त्याच्याच हयातीत मूठभर बलाढ्य कुळांची आपापसांत अशी झुंज लागली की इतिहासकार त्या काळाला त्याच्याच कुळावरून ‘स्टुर्लुंग युग’ म्हणतात. समेट होत, सोयरिकी होत आणि मोडत. इ. स. १२४१ च्या सप्टेंबरात रेकहोल्ट येथे स्वतःच्या घराच्या तळघरात स्नोर्री मारला गेला. मारेकऱ्यांना घेऊन आलेला गिस्सुर थोर्वाल्डसन हा एके काळचा त्याचाच जावई. पुढे वीस-बावीस वर्षांत, १२६२ ते १२६४ या काळात, भांडून थकलेल्या आइसलंडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले. सासरा आणि जावई यांच्या न संपणाऱ्या लढाईची कथा जपून ठेवणाऱ्याचा शेवट असा झाला.

दोष कोणाचा?

स्नोर्रीच्या आधी ही कथा ब्रागी बोद्दासन या नवव्या शतकातील कवीने गाइली होती. त्याला एक चित्रित ढाल भेट मिळाली होती, आणि तिच्यावरील चित्रांचे वर्णन म्हणून त्याने ते काव्य रचले. ब्रागीच्या दृष्टीने सगळा दोष हिल्डचा आहे. ती समेटाचे सोंग करते, पण तिला रक्तच पाहिजे असते. ‘हिल्ड’ या शब्दाचा अर्थ ‘लढाई’ असाच आहे, आणि रणदेवतांपैकी एकीचेही ते नाव आहे. तेव्हा ब्रागीची हिल्ड ही बाई कमी आणि मूर्तिमंत लढाई जास्त. लढाईच जर शिष्टाईला गेली तर दुसरे काय व्हावयाचे?

डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो ग्रॅमॅटिकस याने इ. स. १२०० च्या सुमारास लॅटिन भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. त्याने या कथेतील अद्भुत भाग शेवटी ढकलला आणि माणसे पुढे आणली. त्याच्या कथेत हेदिन आणि हॉग्नी हे मित्र आहेत, आणि हिल्डचे हेदिनशी रीतसर ठरलेले आहे. पण चहाडखोर माणसे हॉग्नीच्या कानाशी लागतात की वाग्दानापूर्वीच हेदिनने मुलीला नासविले. हॉग्नी ते खरे मानतो. राजा फ्रोथी मध्यस्थी करतो, पण हॉग्नी ऐकत नाही. शेवटी राजा द्वंद्वयुद्धाने निकाल लावावयास सांगतो. हेदिन जखमी होऊन पडतो. त्याच्या तरुण रूपाकडे पाहून हॉग्नीला दया येते आणि तो त्याला सोडून देतो. सात वर्षांनी दोघे बाल्टिक समुद्रातील एका बेटावर पुन्हा भिडतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. ते बेट म्हणजे आज जर्मनीत असलेले हिडन्से. मग हिल्ड नवऱ्याच्या ओढीने रात्री मंत्र घालून मेलेल्यांना उठविते, आणि युद्ध पुन्हा पेटते.

येथे हिल्ड क्रूर नाही, प्रेमवेडी आहे. तिला नवरा परत हवा आहे. पण नवरा उठवायचा तर रण उठते. त्याला उठविताना त्याचे वैर मेलेलेच राहू द्यावे, हे तिच्या मंत्रात नाही. गेलेल्या माणसावरचे प्रेम आणि त्याच्या मारेकऱ्यावरचा राग यांची अशी गाठ बसलेली असते की एक ओढले तर दुसरे बरोबर येते. पिढ्यान् पिढ्या चालणारी वैरे द्वेषावर जगतात असे आपण म्हणतो. त्यांतली पुष्कळशी मायेवरही जगत असतात.

तिसरे उत्तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘फ्लातेयारबोक’ या मोठ्या हस्तलिखितात मिळते. दोन ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी ते लिहून काढले. त्यातील ‘सोर्लाथाट्टर’ या कथेत दोष जुन्या देवांच्या माथी आहे. फ्रेया देवीने खुज्या कारागिरांकडून एक कंठा मिळविला. तो लोकीने चोरून ओडिनला दिला. ओडिनने अट घातली की प्रत्येकी वीस राजांवर सत्ता असलेले दोन राजे एकमेकांशी अखंड लढतील असे घडवून आण, तरच कंठा परत देईन. मग ग्योंडुल नावाची बाई रानात हेदिनला गाठते आणि विस्मरणाचे पेय पाजते. त्या धुंदीत तो आपल्या मानलेल्या भावाच्या, हॉग्नीच्या, राणीला ठार करतो आणि हिल्डला पळवितो. शुद्धीवर आल्यावर त्याला आपल्या कृत्याची शरम वाटते. तो मुलगी परत करून कायमचा देशोधडीला जाण्यास तयार होतो. हॉग्नी म्हणतो की नुसती मुलगी नेली असतीस तर मिटले असते. राणीचा जीव परत कसा आणशील?

या कथेतही कंठा आहे, पण पाहा, त्याचा अर्थ उलटला आहे. स्नोर्रीकडे कंठा हे युद्ध टाळण्याचे मोल होते. येथे युद्ध हेच कंठ्याचे मोल झाले आहे. एका देवीच्या दागिन्यासाठी दोन राजे रणांगणावर एकशे त्रेचाळीस वर्षे लढत राहतात, आणि आपण का लढतो आहोत हे दोघांनाही ठाऊक नसते. डोके खांद्यापर्यंत चिरले गेले तरी ते उठतात. हिल्ड एका राईत बसून हे पाहत राहते.

शेवटाचे दोन प्रयत्न

मग हे संपावे कसे? फ्लातेयारबोकचे उत्तर धर्मप्रचारकाचे आहे. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म आणणारा राजा ओलाफ ट्रिग्वासन (राज्यकाल ९९५–१०००) याचे जहाज हॉय बेटाजवळ नांगर टाकते. त्याचा इवार नावाचा शिपाई रात्री पहाऱ्यावर असता रक्ताने माखलेला, खिन्न चेहऱ्याचा एक मनुष्य त्याच्याकडे येतो. तो हेदिन. तो शत्रूविरुद्ध मदत मागत नाही. आम्हां सर्वांना मारून या शापातून सोडव, एवढीच त्याची विनंती आहे, कारण ख्रिस्ती माणसाच्या हातून पडलेला पुन्हा उठणार नाही. इवार ते काम करतो. पहाटे रणभूमीवर कोणी नसते. त्याच्या तलवारीवर रक्त मात्र असते. नवा धर्म येतो आणि जुने वैर तोडून टाकतो, असा याचा अर्थ. यात उदात्तपणा आहे, परंतु एक उणीवही आहे. शांतता आली ती सगळे मेल्यावर. समेट कोणाचाच झाला नाही.

दुसरा प्रयत्न जर्मन भाषेतला आहे, आणि तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या बाजूस इ. स. १२३०–४० च्या सुमारास, म्हणजे स्नोर्रीच्या उतारवयात, ‘कुड्रुन’ हे महाकाव्य रचले गेले. ते आज उपलब्ध आहे ते सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहवून घेतलेल्या एकाच हस्तलिखितामुळे. त्यात हॉग्नीचा हागेन झाला आहे, हेदिनचा हेटेल आणि हिल्डची हिल्डे. हेटेलची माणसे व्यापाऱ्यांच्या वेषात जातात, होरांट नावाचा गायक आपल्या गाण्याने सर्वांना भुरळ पाडतो, आणि हिल्डे आपल्या खुशीने जहाजावर चढते. बाप पाठलाग करतो, किनाऱ्यावर लढाई जुंपते. येथवर तीच कथा. पण ऐन लढाईत हिल्डे आपल्या माणसांना शस्त्रे आवरायला लावते, आणि वाटे नावाच्या म्हाताऱ्या योद्ध्याला, जो वैद्यकही जाणत असतो, आपल्या बापाच्या जखमा बांधावयास सांगते. जुनी हिल्ड रणात जाऊन मेलेल्यांना लढण्यासाठी उठवीत होती. ही हिल्डे जखमींना बरे करविते. दाइन्सलेफची जखम कधी भरत नसे. येथे जखमा भरतात.

त्या काव्याचा कर्ता तेवढ्यावर थांबत नाही. एका समेटाने वैर संपते असे त्याला वाटत नाही. पुढच्या पिढीत हिल्डेची मुलगी कुड्रुन हिला नॉर्मंडीचा हार्टमुट पळवून नेतो. तिचा बाप हेटेल पाठलागात मारला जातो. ती वर्षानुवर्षे परक्या किनाऱ्यावर कपडे धूत दिवस काढते, पण हार्टमुटला वरत नाही. शेवटी तिची माणसे येतात आणि मोठा संहार होतो. आता सूड पुरा झाला असे म्हणता आले असते. परंतु ज्या कुळाने आपला बाप मारला त्याच कुळाला कुड्रुन जवळ करते. आपल्या भावासाठी ती हार्टमुटची बहीण मागते आणि हार्टमुटला आपल्या सखीशी लग्न लावून देते. तिच्या आईला हे सहजासहजी पटत नाही. तरी ती आग्रह सोडत नाही, आणि त्यामुळेच तिसऱ्या पिढीला वारशात तलवार मिळत नाही.

या कथेचा अखेरचा धागा पुन्हा उत्तरेकडे जातो. इ. स. १७७४ मध्ये जॉर्ज लो नावाच्या धर्मोपदेशकाने शेटलंडच्या फूला बेटावर एका वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून ‘हिल्डिना’ हा पोवाडा उतरून घेतला. तो नॉर्न भाषेत होता. ती भाषा मरणपंथाला लागलेली होती आणि लो याला ती येतही नव्हती. कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. त्यात हिल्डिना बाप आणि नवरा यांच्यामध्ये मनापासून समेट जुळवीत आणते, पण एक मत्सरी दरबारी तो मोडतो आणि नवऱ्याचे डोके तिच्या ओटीत टाकतो. पुढे लग्नाच्या रात्री ती त्याला दालनात जाळते. भाषा मेली, तरी वैराची आठवण तिच्याआधी मेली नाही.

मेलेल्यांना कशासाठी उठवावे?

आपल्या महाभारतातही मेलेल्यांना उठविण्याचे प्रसंग आहेत. शुक्राचार्य संजीवनी विद्येने पडलेल्या दानवांना उठवीत, ते पुन्हा देवांशी लढण्यासाठी. ती हिल्डचीच विद्या. परंतु आश्रमवासिक पर्वात दुसरा एक प्रसंग आहे. युद्धाला पुष्कळ वर्षे लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात आहेत. पुत्रशोक शमलेला नाही. तेव्हा व्यास गंगेच्या पात्रातून रणात पडलेल्या सर्व वीरांना एका रात्रीपुरते बोलावतात. कौरव येतात, कर्ण येतो, अभिमन्यू येतो. कोणाच्याही मनात वैर उरलेले नसते. ते आईबापांना आणि एकमेकांना भेटतात, आणि पहाट होताच परत जातात.

हिल्ड आणि व्यास दोघेही रात्री मेलेल्यांना उठवितात. हॉयच्या रणात पहाटे लढाई सुरू होते. गंगेच्या काठी पहाटे निरोप दिला जातो. गेलेल्यांना विसरून जा, असे दोन्ही कथांपैकी एकही सांगत नाही, आणि ते माणसाला शक्यही नाही. कोणतेही कूळ, कोणताही समाज आपल्या मृतांना पुन्हा पुन्हा आठवणारच. त्यांना कशासाठी बोलावतो, एवढेच आपल्या हाती असते. लढण्यासाठी बोलावले तर ते नक्की येतात, आणि आपल्या मुलांच्या हाती दाइन्सलेफ देऊन जातात. भेटून निरोप देण्यासाठी बोलावले तरीही ते येतात. मात्र त्या पहाटे रणात कोणी उभे राहत नाही.